गायरानाचा पंचनामा

माझं अक्षर चांगलं आहे, हे गावात सगळ्यांना माहीत आहे. मी अंगणवाडी सेविका. बचत गटाचा ठराव असो की कुणाचा दाखल्याचा अर्ज, लोक कागद घेऊन माझ्याच ओट्यावर येतात. खोटं कशाला बोलू, त्या मानाची मला चटक लागली होती.

नगरहून निघून केडगाव मागं टाकलं की पुण्याच्या रस्त्यावरून आत वळून आमच्या माळावर यावं लागतं. गावाच्या वरच्या अंगाला गायरान, म्हणजे सगळ्या गावाच्या जनावरांसाठी राखलेली सरकारी जमीन. मी लग्न होऊन आले तेव्हा तिथं नुसती खडी आणि तरवडाची झुडपं होती. बाराही महिने गावची गुरं त्यावर, गवत बोटभर वर आलं की कुणाच्या तरी तोंडात जायचं. मग आम्ही बायकांनी चराईबंदी केली. गायरानात जनावर सोडायचं नाही, गवत वाढू द्यायचं आणि दसऱ्यानंतर विळ्यानं कापायचं, रोज घरटी एक भारा. ज्याचं जनावर आत सापडेल त्यानं दिवसभर बांधाला दगड वाहायचे. दोन-तीन पावसाळ्यांत पवन्या आणि मारवेल ही गवतं कमरेला लागायला लागली. वाऱ्यावर ते गवत हललं की मी कामं टाकून बघत उभी राहायची.

माझ्या थोरल्या जाऊबाईंना आम्ही आक्का म्हणतो. दीर गेले त्याला बरीच वर्षं झाली. आक्कांकडे एक खडकाळ तुकडा आणि दोन गाई. घर चालायचं ते गाईंच्या दुधावर, आणि गाई जगायच्या त्या गायरानातल्या भाऱ्यावर. एकदा भर श्रावणात त्यांची गाय दावं तोडून गायरानात शिरली. बंदीच्या कमिटीची प्रमुख मी. घरची म्हणून सोडून दिलं असतं तर बंदी त्याच दिवशी मोडली असती, म्हणून मी आक्कांना दगड वाहायला लावले. त्यांनी वाहिले. संध्याकाळी माझ्या चुलीपाशी बसून चहा घेतला आणि कुरकुर केली ती फक्त चहात साखर कमी पडल्याची.

गवत वाढलं तशी गाड्यांतून माणसं बघायला येऊ लागली. पाणलोटाची, गावांच्या स्पर्धेची, कसल्या कसल्या प्रशिक्षणाची. अकोले तालुक्याच्या डोंगरातल्या बायका जीप करून आल्या होत्या. प्रत्येक साहेबाचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा, इथं जनावरं चरतात का? आणि आम्ही एका सुरात सांगायचो की एक खूरसुद्धा लागत नाही. त्या उत्तराला गुण मिळायचे. शाळेत पाढे म्हणावेत तसं ते उत्तर आमच्या तोंडी बसलं होतं.

मग एका सकाळी तलाठी आणि सर्कल साहेब आले. त्यांच्याबरोबर पांढरे बूट घातलेली दोन माणसं होती. आम्हाला वाटलं, ह्याही वर्षीची स्पर्धा असेल. कुणीच विचारलं नाही, कारण घरी आलेल्या पाहुण्याला का आलात असं विचारायची आमची रीत नाही. सर्कल साहेबांनी तोच प्रश्न केला आणि आम्ही तेच उत्तर दिलं. मग पंचनाम्याचा कागद निघाला. सरपंच म्हणाले, आमच्या बाईंनाच लिहू द्या, छापल्यासारखं अक्षर आहे. साहेबांनी सांगितलं ते मी लिहिलं, की सदर क्षेत्रात गेल्या कित्येक वर्षांत एकही जनावर चरलेले नाही. 'जनावरांचा कोणताही वावर आढळून येत नाही' हे पुढचं वाक्य मात्र मी पदरचं घातलं. मला ते फार झोकदार वाटलं होतं.

आक्का गर्दीत मागे उभ्या होत्या. त्या पुढे आल्या आणि म्हणाल्या, "साहेब, चरत न्हाईत, पन आमी कापून न्हेतो की. माझ्या दोन्ही गाई ह्याच्यावरच हायेत."

मी डोळे वटारले. आता ही बाई नको ते सांगून गावाचे गुण घालवणार असं मला वाटलं.

"आक्का, इचारलं तेवढंच सांगायचं," मी म्हणाले.

त्या परत मागे जाऊन उभ्या राहिल्या. मी कागदावर सही केली, आणखी चौघांच्या घेतल्या आणि सगळ्यांना पोहे दिले.

काही महिन्यांनी पंचायतीच्या फळ्यावर नोटीस लागली. गायरान वापरात नसल्यामुळे गोल्फचं मैदान आणि सुट्टीचे बंगले बांधण्यासाठी एका कंपनीला दीर्घ मुदतीच्या भाड्यानं दिलं होतं. गोल्फ म्हणजे काय ते आम्ही मोबाईलवर पाहिलं. एवढ्या जमिनीवर एवढासा चेंडू मारत माणसं चालतात, हे बघून म्हातारी माणसं हसली. हसू लवकरच आटलं. आम्ही हरकत घेतली. वरातीमागून घोडं, पण नगरला सुनावणीला सगळे गेलो. आता अहिल्यानगर म्हणायचं, पण तोंडात अजून नगरच येतं.

प्रांत साहेब उर्मट असते तर भांडता आलं असतं. ते शांत होते. त्यांनी माझी दोन्ही वाक्यं वाचून दाखवली आणि हे कोणी लिहिलं म्हणून विचारलं. मी हात वर केला.

"खोटं लिहिलं आहे का, ताई?"

"न्हाई साहेब, खरं हाय. पन जनावरं आमीच बंद केली हुती. गवत वाढावं म्हनून. आमी त्ये कापून न्हेतो."

"ते ह्यात कुठं आहे?"

कागद त्यांनी माझ्याकडे फिरवला. मी माझं सुंदर अक्षर वरपासून खालपर्यंत वाचलं. त्यात कापणीचं कुठंच काही नव्हतं. बाहेर आल्यावर आमचे वकील म्हणाले, गवत कापून नेतात एवढी एक ओळ असती तरी लढायला जागा होती. ती एक ओळ आक्का बोलल्या होत्या आणि मी त्यांचं तोंड बंद केलं होतं. आपल्या पायावर धोंडा मारून घेणारे पुष्कळ पाहिले. मी तो जावेच्या पायावर मारला.

आता गायरानात गवत आहेच, पण ते बाहेरून आणलेलं, बारीक, सारखं कापलेलं. भर वैशाखात ते हिरवंगार असतं. त्याला रात्रंदिवस फवाऱ्यानं पाणी मिळतं आणि आमची बोअर होळीच्या आधीच गरम हवा टाकते. फाटकावर पहारेकरी आहे. लोक म्हणतात रोजगार आला, आणि आला आहे, मी नाही म्हणत नाही. पहिल्या उन्हाळ्यात आक्कांनी एक गाय विकली, दुसऱ्या उन्हाळ्यात दुसरी. आता त्या रोज खुरपं घेऊन त्या मैदानात तण काढायला जातात. तण म्हणजे काय, तर आमची मारवेल. ती अजून मधूनमधून वर येते आणि आक्कांना ती मुळासकट उपटावी लागते. औषध मारलेलं असतं म्हणून घरी आणता येत नाही, आणि आणून तरी घालणार कुणाला?

मी त्यांची माफी मागितली. "तुला कुठं ठावं हुतं," एवढंच त्या म्हणाल्या. त्यांनी चार शिव्या घातल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

गेल्या महिन्यात नेवाशाकडच्या एका गावातून पाच बायका आल्या. आमच्या चराईबंदीचं त्यांनी कुणाकडून तरी ऐकलं होतं, जमीन गेल्याचं ऐकलं नव्हतं. त्यांनी औंदा बंदी केली होती आणि आमचे नियम त्यांना लिहून हवे होते. एकीनं मोबाईलवर फोटो दाखवला. गुडघ्याएवढं गवत, त्यात ह्या पाचजणी उभ्या, हसत. ती म्हणाली, आता आत एकही जनावर जात नाही. आक्का नुकत्याच कामावरून येऊन उंबऱ्यात टेकल्या होत्या.

"गाई सोडा आत," मी म्हणाले. "शेळ्याबी सोडा. उद्याच सोडा. साहेब येतील तवा समदीकडं शेन दिसलं पायजे."

बायका एकमेकींकडे बघू लागल्या. फोटोवाली म्हणाली, "पन बाई, मग गवत?"

"गवत जाऊ द्या."

हे माझ्या तोंडून ऐकलं आणि आक्का रडायला लागल्या. गाई विकल्या तेव्हाही त्या रडल्या नव्हत्या.