घाटात अडकलेला दांडा

दवाखान्याच्या रुग्णगाडीची ड्रायव्हरबाई म्हणजे जिभेला हाड नसलेली बाई. नवरा गेल्यावर ती त्याच्याच जागी कामाला लागली, तेव्हा लोकांनी नाकं मुरडली होती. आता तीच माणसं घरात कुणी आजारी पडलं की आधी तिला हाक मारतात. त्या गाडीवर तिचा असा जीव, की धाकटा भाऊ एकदा म्हणाला, "ताई, मी आणि गाडी एकदम नदीत पडलो, तर आधी कुणाला काढशील?" बाई म्हणाली, "तुला पोहता येतं ना? मग झालं तर!"

महिन्यातून एकदा ती गाडी खडीच्या मोकळ्या मैदानावर न्यायची. गिअरच्या शेजारी एक छोटा दांडा होता. तो टाकला की मागच्यांच्या जोडीला पुढची चाकंही जोर लावायची. चिखलात, वाळूत त्याच्याशिवाय गाडीचं पान हलत नाही. पण एरवी महिनोन्‌महिने त्याला कुणी हात लावत नाही. मग आतलं तेल एका जागी बसतं, सांधे गंजतात, आणि नेमक्या वेळी दांडा जागचा हलत नाही. म्हणून बाई त्याला हलता ठेवायची. दांडा टाकायचा, सावकाश, सरळ थोडं जायचं, पुन्हा काढायचा. मात्र हे सगळं मातीवर नाहीतर खडीवर, कोरड्या टणक जागेवर कधीच नाही. कारण वळताना पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त वाट कापतात. मातीवर ती जराशी घसरून मोकळी होतात. टणक रस्त्यावर घसरायला वाव नसतो, सगळा पीळ आत साठतो आणि दांडा जखडतो. हे तिनं भावाला शंभरदा सांगितलं होतं, आणि शंभरही वेळा सांगताना त्याची अक्कल काढली होती.

मग गाडी धुताना बाई पाय घसरून पडली आणि उजवं मनगट मोडलं. हाताला प्लास्टर चढलं आणि बदलीवर भाऊ आला. बाई शेजारच्या सीटवर बसून त्याला सूचना देत राहिली. त्यानं निमूट ऐकून घेतलं, बिचारा.

त्या दुपारी गाडीत मागे झोपली होती ती त्याचीच बायको. आठवा महिना, आणि एकाएकी रक्त जायला लागलं होतं. इथल्या दवाखान्यात ऑपरेशनची सोय नाही, चढवायला रक्त नाही. मोठं इस्पितळ घाटाखाली. नर्स तिच्याजवळ बसली होती आणि निघताना बाईच्या कानात एवढंच म्हणाली होती, "कुठे थांबू नका."

पहिल्याच वळणावर टायर चिरकले. बाईला वाटलं, घाबरलाय पोरगा, जोरात घेतलं असेल. दुसऱ्या वळणावर त्यानं दोन्ही हातांनी स्टिअरिंग ओढलं, तरी गाडी वळायचं नाव घेईना. ती सरळ दरीकडच्या कठड्याकडे निघाली आणि कठड्याला जेमतेम चाटून रस्त्यावर आली. बाईनं खाली बघितलं. छोटा दांडा टाकलेला होता.

"हा का टाकलास?"

भावानं रस्त्यावरची नजर काढली नाही.

"अरे, तुला विचारतेय मी! काढ आधी!"

"निघत नाही, ताई." त्याचा आवाज रडकुंडीला आला होता. "कालपासून अडकलाय. साहेब येणार म्हणून गाडी धुतली होती. खडीवर नेली तर पुन्हा धूळ बसेल म्हणून दवाखान्यासमोरच्या फरशीवरच फिरवली. गोल गोल."

"फरशीवर? गोल?"

"वाटलं, आज आपोआप सुटेल."

बाईच्या तोंडात जे आलं होतं ते इथे लिहिण्यासारखं नाही. पण मागून भावजय कण्हली आणि बाईनं ते गिळलं. पुढे घाट भरून वळणं होती, एकाहून एक आवळती. असंच रेटलं तर एक तर आतलं काहीतरी तुटणार, नाहीतर एखाद्या वळणावर गाडी वळणारच नाही.

"थांबव," ती म्हणाली.

"थांबू नका!" नर्स मागून ओरडली. "हिचे हात गार पडतायत!"

"थांबव म्हणतेय ना! आता मागे घ्यायची. सरळ. पीळ उलटा सुटला तर सुटला."

"मागे? ताई, ती मरेल गं!"

"पुढे गेलास तर सगळेच मरू."

बाई उतरून धावत मागच्या वळणावर गेली आणि रस्त्याच्या मधोमध उभी राहिली. गाडी घरघरत चढावर मागे यायला लागली. तेवढ्यात वरून ट्रक आला. बाईनं प्लास्टरचा हात उंच केला. ट्रक फुसकारत, सरकत तिच्यापासून चार हातांवर थांबला. ट्रकवाल्यानं खिडकीतून तोंड काढून आईबाप काढले. बाईनं त्याला आजोबांपर्यंत नेलं आणि म्हणाली, "आत गर्भार बाई आहे. तिथेच उभा राहा आणि मागच्यांना अडव." तो गडी गुमान उतरला.

"सुटला का रे?"

"नाही!"

डांबरावर सुटणार नव्हता. चाकांना घसरायला माती हवी होती, आणि माती होती ती फक्त दरीच्या बाजूला. गाडीच्या मागे थोड्या अंतरावर कठडा तुटला होता आणि तिथे खडीचा अरुंद पट्टा होता. त्याच्यापलीकडे काही नव्हतं. भावानं आरशात ते बघितलं आणि ब्रेक दाबून बसला.

"माझ्यानं नाही होणार, ताई."

बाई त्या पट्ट्यावर गेली आणि कडेला दरीकडे पाठ करून उभी राहिली. "आरशात मला बघ," ती ओरडली. "मी उभी आहे तिथवर जमीन आहे. माझ्या अंगावर ये. मी थांब म्हणाले की थांब."

गाडी आली. डावीकडची दोन्ही चाकं खडीवर उतरली, खडे उडून तिच्या पायांना लागले, दोन-चार मागे घरंगळत गेले ते पडल्याचा आवाजही आला नाही. मागचा दिवा तिच्या पोटाशी आला. "थांब! आता जरा पुढे! पुन्हा मागे! दांडा ओढ, ओढ मेल्या!"

चाकं खडीवर फरफटली, गाडीखाली खट्ट झालं, दांडा सुटला, आणि भाऊ आत मोठ्यानं रडायला लागला.

"रडतोस काय? चालव!" म्हणत बाई आत चढली. पुढची वळणं गाडीनं लोण्यातून सुरी फिरावी तशी घेतली.

संध्याकाळी इस्पितळात बाई भावजयीच्या उशाशी स्टुलावर बसली होती. बाटलीतलं रक्त थेंब थेंब उतरत होतं. मुलगी झाली होती. एवढीशी होती, काचेच्या पेटीत होती, पण जगेल असं डॉक्टर म्हणाले होते. भावजयीनं डोळे उघडले.

"वन्सं, मला मागे सगळं ऐकू येत होतं."

"बोलू नकोस गं. तू नीट हो, मग त्याची कशी खरडपट्टी काढते बघ."

"तेच नका करू." भावजय श्वास घ्यायला थांबली. एरवी नणंदेपुढे ती वर मान करून बोलायची नाही. "हे मला कालच म्हणाले होते, दांडा अडकलाय. मी म्हटलं, वन्संना सांगा, त्या सोडवतील. तर म्हणाले, तिची बोलणी खाण्यापेक्षा उद्यापर्यंत वाट बघू." तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. "तुमच्या धाकापायी मी आणि माझी पोर आज गेलो असतो, वन्सं."

ट्रकवाल्याला आजोबांपर्यंत नेणाऱ्या बाईनं भावजयीचं पांघरूण नीट केलं. मग तिनं वर बघितलं. दारात भाऊ उभा होता. स्वतःच्या बायकोजवळ यायला तो बहिणीच्या तोंडाकडे बघत होता, आत येऊ का नको, अशा चेहऱ्यानं.

बाई उठली, स्टूल त्याच्याकडे सरकवलं आणि म्हणाली, "बस बाबा." मग ती बाहेर गेली आणि जिन्यात बसून रडली.