पहिल्या कडव्याला मी वर उभा होतो

केशवमास्तर आमच्या गावी आले तेव्हा मी जेमतेम अठरा वर्षांचा होतो आणि गावातला सर्वांत चांगला गळा आपलाच, अशी माझी पक्की समजूत होती. भाटघरच्या धरणाजवळचे आमचे गाव. मास्तरांनी पहिल्याच आठवड्यात दवंडी दिली, की दिवेलागणीआधी शाळेच्या ओसरीवर गाणे शिकवले जाईल, ज्याला यायचे त्याने यावे. मी गेलो तो शिकायला नव्हे, मास्तरांना ऐकवायला. मास्तरांनी माझी दोन गाणी शांतपणे ऐकून घेतली आणि म्हणाले, "छान. आता इतरांबरोबर म्हण." ही आमची पहिली ओळख. मला तेव्हा ते गृहस्थ फारसे आवडले नाहीत.

मास्तरांचा स्वतःचा गळा, ते रागावणार नाहीत म्हणून लिहितो, अगदीच बेताचा आहे. पण वीस जणांचे गाणे कसे बांधावे हे त्यांच्याइतके कळणारा माणूस भोर-वेल्ह्याच्या मुलखात मला दुसरा भेटलेला नाही. तेव्हाच्या मेळ्यांत एक जण पुढे उभा राहून गाई आणि बाकीचे मागून ओढत. मास्तरांनी ती रीतच मोडली. "गाणं सगळ्यांचं, मग पुढं कोण आणि मागं कोण?" असे ते विचारीत. त्यांनी आमच्या जोड्या लावल्या. जोडीतला एक श्वास घेई तेव्हा दुसऱ्याने सूर धरून ठेवायचा, म्हणजे ओळ कुठेही तुटत नसे. ज्याला सूर मुळीच लागत नाही त्यालाही त्यांनी कधी घरी पाठवले नाही; चांगल्या गळ्याशेजारी उभे केले आणि दोन महिन्यांत तोही बरा म्हणू लागला.

मास्तर दुसऱ्यासाठी किती झिजतात याचा एक मासला सांगतो. भाताची लावणी आली आणि वडिलांनी माझे ओसरीवर जाणे बंद केले. दुसऱ्या दिवशी मास्तर धोतर वर खोचून आमच्या खाचरात हजर. दोन दिवस त्यांनी चिखलात वाकून रोपे लावली, ती इतकी वेडीवाकडी की वडील मागून उपटून परत लावत होते. शेवटी वडीलच काकुळतीला आले. "मास्तर, तुमी गानं शिकवा. हितलं आमी बगतो. पोरगं न्या, पर खाचरातनं भाईर या." मास्तर पुढे चार दिवस कंबर धरून चालत होते, पण माझी सुटका झाली.

माझी जोडी त्यांनी धोंडिबाशी लावली. धोंडिबा महारवाड्यातला, माझ्याच वयाचा. त्याचा दम मोठा, माझा लवकर संपे, म्हणून ही जोडी. दुसरा कसलाही विचार मनात नव्हता असे मास्तर सांगतात. मला ते खरे वाटत नाही. मी त्याच्यापासून हातभर लांब उभा राहत असे आणि घरी आलो की आई दारातच अंगावर पाणी घ्यायला लावी. मी मुकाट्याने घेत असे. हे लिहिताना लाज वाटते, पण मास्तरांविषयी खरे लिहायचे तर मला स्वतःला वगळता येणार नाही.

त्या वर्षी गणेशोत्सवात भोरला आमचे गाणे ठरले. सकाळीच चालत निघालो. चौकात फळ्यांचा मंच बांधला होता. आम्ही वर जाऊन जोडीजोडीने उभे राहिलो, तोच उत्सवाचे एक कारभारी मास्तरांना म्हणाले, "ती महारवाड्यातली तीन पोरं खाली उभी राहून म्हणतील. आवाज काय, खालूनही येतो." धोंडिबा पायऱ्या उतरू लागला. त्याला ते नवीन नव्हते.

मास्तर कारभाऱ्यांशी भांडले नाहीत. "बरं," एवढेच म्हणाले आणि आमच्याकडे वळले, "चला, सगळे खाली." एकेक जण उतरला. मी उतरलो नाही. समोर भोरची मोठी माणसे बसली होती, त्यांत माझे मामा होते. त्यांच्यादेखत खाली जाऊन धोंडिबाशेजारी उभे राहायला पाय निघेना. मास्तरांनी थोडी वाट पाहिली आणि हाताने खूण करून गाणे सुरू केले. मोकळ्या मंचावर मी एकटा, तोंड मिटून. खाली पहिले कडवे चालले होते. प्रत्येक ओळीत धोंडिबा श्वास घेई, तेव्हा त्याच्या बाजूला सूर धरणारे कोणी नव्हते. लोकांना ते कळलेही नसेल. मला कळत होते.

दुसऱ्या कडव्याला मी उतरलो. मोठेपणा म्हणून नव्हे, ऐकवेना म्हणून. धोंडिबाने मान न वळवता एक पाऊल सरकून जागा केली आणि पुटपुटला, "धर आता." मी सूर धरला.

पुढे तक्रारी झाल्या आणि मास्तरांची बदली वेल्ह्याकडे डोंगरात झाली. निघायच्या दिवशी मी त्यांचे सामान उचलायला गेलो. खरे तर माफी मागायला गेलो होतो, पण जीभ रेटेना. मास्तर म्हणाले, "पेटी जपून धर रे, तिचा भाता फाटलाय." त्या कडव्याचा विषय त्यांनी आजपर्यंत काढलेला नाही. वेल्ह्यातही त्यांनी महिन्याभरात ओसरी भरवली, हे सांगायला नकोच.

मास्तरांच्या साठीच्या सत्काराला आम्ही जुनी मंडळी तेच गाणे म्हणणार आहोत. विचारायला मी धोंडिबाच्या घरी गेलो. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच गेलो. तो म्हणाला, "लई दिस लागले रं तुला हितवर यायला. बस. च्या घे." मी बसलो, चहा घेतला. निघताना त्याला म्हणालो, "आता तू ये माझ्याकडं." तो म्हणाला, "म्हातारीला इचार आदी." आईला मी अजून विचारलेले नाही.

मास्तर, तुम्हांला निरोगी, उदंड आयुष्य लाभावे अशी प्रार्थना सगळेच तुमच्यासाठी करतील. मी ती माझ्यासाठी करतो आहे. मला काही गोष्टी फार उशिरा जमतात. धोंडिबा माझ्या घरात पाटावर बसून जेवेल त्या दिवशी पंगतीला तुम्ही हवे आहात, आणि मी आईशी आजच बोलणार आहे.