गाडीचं दार

वस्तीलगत होणाऱ्या कचरा डेपोविरुद्ध आमच्याकडच्या बायका तहसील कचेरीसमोर मांडव घालून धरणं धरून बसल्या होत्या. त्यांच्यातच नामदेवराव होते. डेपो मंजूर करून आणणाऱ्या आमदारांच्याच पक्षाचे ते जुने कार्यकर्ते. पक्षाचं उपरणं त्या दिवशी त्यांनी घरीच ठेवलं होतं.

आमदारांची गाडी आली. नामदेवराव सवयीनं उठले आणि धावत जाऊन त्यांनी दार उघडलं.

"नामदेव, तू आमचा की यांचा?" उतरता उतरता साहेबांनी विचारलं.

"तुमचाच, साहेब. पण घर त्या वस्तीतच आहे माझं."

साहेब तडक कचेरीत गेले. विरोधकांच्या शिव्या पक्षाला सहज पचतात, आपल्या माणसाचा एक 'पण' मात्र पचत नाही. झेंडे लावण्यात ज्याचं आयुष्य गेलं, तो एकदा स्वतःच्या घराबद्दल बोलला की फुटीर ठरतो.

नामदेवराव परत आले, तर बायका त्यांची जागा भरून सरकून बसल्या होत्या.

"तिकडंच बसा की," त्यांच्याकडे न बघता एकजण म्हणाली.

मांडव आणि गाडी यांच्या मधे ते उन्हात उभे राहिले. साहेब बाहेर आले, तेव्हा दार दुसऱ्याच कार्यकर्त्यानं उघडलं.