कुजबुज्यांचा आवाज

कार्यालयात त्यांना सगळे कुजबुजे म्हणत. खरं आडनाव वेगळंच होतं, पण ते इतक्या हळू सांगत की विचारणारा कंटाळून निघून जाई. घरीही तीच गत. जेवताना मीठ मागितलं तर बायको म्हणे, "काय? जरा मोठ्यानं बोला की!" तोवर बिचाऱ्यांचं जेवण उरकलेलं असे.

आणि अशा माणसाला नोकरी मिळाली ती हुकूम बजावण्याची! बिल्डर लोकांवर नजर ठेवणारं सरकारी कार्यालय त्यांचं. परवाना नसताना कुणी घरं विकू लागला की कार्यालय नोटिसा पाठवी आणि तो त्या खुशाल केराच्या टोपलीत टाकी. मग कार्यालय न्यायालयात धाव घेई. तिथून मनाई हुकूम मिळाला की तो जागेवर जाऊन सर्वांसमोर वाचायचा आणि दारावर चिकटवायचा, हे काम कुजबुज्यांचं. ते हे कसं जमवत, हा घरच्यांना प्रश्नच होता.

यंदा बायकोनं नव्या इमारतीतलं एक घर पसंत केलं. स्वयंपाकघराला मोठी खिडकी होती, ती काही केल्या तिच्या डोक्यातून जाईना. नेमका त्याच बिल्डरविरुद्ध कार्यालयाचा अर्ज न्यायालयात होता. कुजबुजे पेचात पडले. बायकोला सांगावं तर ती भावाला सांगणार, आणि मेहुणा म्हणजे चालता-बोलता लाउडस्पीकर. बिल्डरला सुगावा लागला असता तर हुकूम येण्याआधीच तो लोकांचे पैसे गोळा करून पसार झाला असता. न सांगावं तर आपलीच पुंजी बुडणार. मग त्यांनी चालढकल आरंभली. कधी दाढ दुखे, कधी चष्मा सापडत नसे. चष्मा कपाळावरच असे, ती गोष्ट वेगळी.

"तुमच्या भरवशावर राहिले तर या जन्मी घर व्हायचं नाही," म्हणत बायको एके दिवशी भावाला घेऊन सही करायला निघालीच.

इकडे त्याच वेळी कुजबुजे न्यायालयाच्या बाकावर जीव मुठीत धरून बसले होते. हुकमावर शिक्का पडला मात्र, स्कूटरला किक मारून ते सुसाट सुटले. हेल्मेटही उलटं घातलं होतं.

विक्री कार्यालयात ही गर्दी! बायकोनं पेनाचं टोपण काढलं होतं.

"थांबा! सही करू नका कुणी! न्यायालयाचा हुकूम आहे. इथलं एकही घर विकायचं नाही, कुणाकडून पैसे घ्यायचे नाहीत!"

दारं-खिडक्या हादरल्या. विक्री करणाऱ्या पोराच्या हातातला चहा सांडला. बायको आ वासून बघत राहिली. इतक्या वर्षांच्या संसारात हा आवाज तिनं कधी ऐकलाच नव्हता.

हुकूम दारावर चिकटवून ते बाहेर आले, तेव्हा ती स्कूटरपाशी उभी होती.

"तुम्हाला आधीपासून माहीत होतं?"

"हो."

"मग सांगितलं का नाही मला?"

कुजबुज्यांनी नुसतं मेहुण्याकडे बघितलं. तो एव्हाना फोनवर सगळ्या नातेवाइकांना बातमी देत होता. तिला हसू आवरेना.

तेवढ्यात एक म्हातारी पिशवी छातीशी धरून आली. "बाई, ते ओरडले ते साहेब कोण हो? माझे पैसे वाचले बघा."

"ते होय?" बायकोची मान ताठ झाली. "आमचे हे आहेत ते."

कुजबुज्यांनी उलटं हेल्मेट सुलटं केलं. ते नेहमीच्या आवाजात पुटपुटले, "चहा घेऊ या?"

"चला," ती म्हणाली. पहिल्याच खेपेला.