टेबलांना लावलेलं तेल

चौथ्या मजल्यावरच्या लिफ्टवाल्याबद्दल मला फार थोडं माहीत आहे, हे आधीच सांगून टाकतो. त्याचं मूळ गाव कोणतं, भावंडं किती, तो शिकला कुठे, यातलं मी काही विचारलं नाही आणि त्याने सांगितलं नाही. तो आमच्या इमारतीत तीन वर्षं राहिला. इमारतीला पंचवीस वर्षं झाली म्हणून पुस्तिका निघते आहे आणि प्रत्येकाने इथल्या एका माणसावर दोन पानं लिहायची, असं सेक्रेटरींनी ठरवलं. सगळ्यांच्या लक्षात राहिलेली माणसं बाकीच्यांनी आधीच वाटून घेतली. मी लिफ्टवाल्याचं नाव सांगितलं तेव्हा सेक्रेटरी म्हणाले, "तो होय? त्याच्यावर काय लिहिणार?" माझी बायको तर म्हणाली, "तुम्ही लिहिणार? तोंडाला कुलूप आणि हातात चाव्यांचा जुडगा, यातच तुमचा जन्म गेला."

त्या चाव्या तळमजल्यावरच्या हॉलच्या. मी निवृत्त झालो तेव्हा हॉलची देखभाल कोणी करायची हा प्रश्न निघाला, सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मला नाही म्हणता आलं नाही. झाडणं, पुसणं, खुर्च्या मोजून लावणं, समारंभाच्या आदल्या दिवशी टेबलं तयार ठेवणं, ही कामं मला आवडायची. त्यात बोलावं लागत नाही.

लिफ्टवाला एका कंपनीत लिफ्ट दुरुस्तीचं काम करायचा. आमच्या इमारतीची लिफ्ट त्याच्या कंपनीची नव्हती, तरी येताजाता प्रत्येक जण त्याला अडवायचा. दुसऱ्या मजल्यावरच्या मावशी एकदा म्हणाल्या, "अरे, ती आमच्या दारात आली की आचका देते, बघ की जरा." तो म्हणाला, "मावशी, हात लावला तर माझी नोकरी जाईल. पण तो आचका ऐकून झोप मात्र माझीच जाते." अंगाने किरकोळ, आवाज खालचा, शर्टाच्या खिशात नेहमी एक जाड पेनासारखं काहीतरी. ते पेन नाही, हे मला त्याने हॉल मागितला तेव्हा कळलं.

मुलीच्या सहाव्या वाढदिवसाला तीन आठवडे होते. तो संध्याकाळी आमच्या दारात आला, बस म्हटलं तरी बसला नाही.

"काका, हॉल हवा होता. पण आधी थोडं सांगायचं आहे. मग तुम्ही नाही म्हणालात तरी चालेल."

त्याच्या मुलीला शेंगदाणा चालत नव्हता. चालत नव्हता म्हणजे, तीन वर्षांची असताना एका नातेवाइकांकडे कोणीतरी तिच्या हातात बिस्किट दिलं, त्यात शेंगदाण्याची पूड होती. पाच मिनिटांत ओठ सुजले, मग गळा आतून बंद व्हायला लागला. हा तिला उचलून जिन्याने सहा मजले धावत उतरला. "लिफ्टची वाट बघायचा धीर झाला नाही," तो म्हणाला. "मी, आणि लिफ्टची वाट बघायचा धीर झाला नाही." दवाखान्यात पोचेपर्यंत ती निळी पडली होती. खिशातलं ते पेन म्हणजे इंजेक्शन होतं. एक त्याच्याकडे, एक त्याच्या बायकोच्या पर्समध्ये, एक शाळेत.

तेव्हापासून ती कोणाच्या वाढदिवसाला गेली नव्हती आणि तिचाही कधी केला नव्हता. आता तिने स्वतः मागितला होता. "तिची आई म्हणते, भीतीला आणखी किती वर्षं घरात सांभाळायचं? मी म्हटलं, एक वर्ष अजून. तर दोन दिवस माझ्याशी बोलली नाही."

मी हॉल दिला. मग त्याने खिशातून घडी घातलेला कागद काढला. लिफ्ट तपासताना त्यांच्याकडे प्रश्नांची यादी असते, एकेक विचारायचं आणि खूण करायची. तशी त्याने वाढदिवसाची यादी केली होती. हॉलच्या स्वयंपाकघरात आदल्या आठवड्यात काय शिजणार? ओट्यावर कोणाचे डबे राहतात का? येणाऱ्या मुलांच्या हातात खाऊ असला तर तो कुठे ठेवायचा? पाण्याचे पेले कोणाचे? मी एकेकाचं उत्तर दिलं, तो खूण करत गेला. केक त्याची बायको घरी करणार होती. बाकी फळं आणि मक्याच्या लाह्या, त्याही तिनेच केलेल्या. प्रत्येक मुलाच्या घरी तो स्वतः जाऊन सांगून आला, त्या दिवशी दुपारी शेंगदाणा खाऊ नका, खाल्लात तर हात-तोंड धुऊन या. एका आजोबांनी त्याला विचारलं म्हणे, "वाढदिवस आहे की ऑपरेशन?" तो म्हणाला, "दोन्ही."

तीन दिवस आधी त्याने हॉलच्या स्वयंपाकघराला स्वतःचं कुलूप घातलं आणि वर लाल पाटी अडकवली: काम चालू आहे, हात लावू नये. त्यांच्या कामात असा नियम आहे की ज्याने पाटी लावली त्यानेच ती काढायची, दुसऱ्या कोणीही नाही, साहेबानेही नाही. कारण वरच्या अंधारात कोणीतरी दोराशी काम करत असतो आणि खाली बटण दाबणाऱ्याला ते दिसत नाही. हे त्याने मला समजावून सांगितलं तेव्हा मला फार बरं वाटलं. वाटलं, असा माणूस असताना काय होणार आहे.

वाढदिवसाच्या दिवशी दुपारी दोनच्या सुमारास मी घरी जेवून बसलो होतो. मुलं चारला येणार होती. बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "अहो, तेलाचा डबा कुठे नेऊन ठेवलात?"

"कुठला?"

"कुठला म्हणजे? घाण्यावरून आणलेला. तळाशी उरलं होतं ते."

"हॉलच्या कपाटात आहे," मी म्हणालो. आणि म्हणता म्हणता मला टेबलं आठवली.

हॉलची टेबलं लाकडी, जुनी. कोरडी पडली की त्यांची कुसळं निघतात, मुलांच्या हातात जातात. म्हणून समारंभाच्या आदल्या दिवशी मी त्यांना फडक्याने तेल चोळायचो. किती वर्षं चोळत होतो, मलाही सांगता येणार नाही. घरात उरलेलं तेल, आणि आमच्या घरात तेल एकच, शेंगदाण्याचं. या वेळी तर मी दोनदा हात फिरवला होता. लिफ्टवाल्याच्या घरचं कार्य म्हणून टेबलं चमकली पाहिजेत असं मला वाटलं होतं. त्याने मला खाण्याबद्दल सगळं विचारलं होतं. टेबल कोणी खात नाही, म्हणून त्याने विचारलं नाही, आणि विचारल्याशिवाय बोलायची मला सवय नाही.

मी बायकोला सांगितलं. ती दारात येऊन उभी राहिली. मी म्हणालो, "कदाचित वाळलं असेल. लाकडाने पिऊन घेतलं असेल. आता जाऊन साबणाने पुसून टाकतो, कोणाला काही…"

"पुसाल आणि सांगणार नाही?"

खरं सांगायचं तर माझ्या मनात तेच होतं. एवढं सगळं जपून केलेलं, आणि त्यात माती कालवली मी, हे त्याच्या तोंडावर जाऊन सांगण्यापेक्षा मला मरण परवडलं असतं.

"जा," ती म्हणाली. "चपला नंतर घाला."

मी जिन्याने वर गेलो. चौथ्या मजल्यावर पोचून बेल दाबली. दार त्यानेच उघडलं, हातात केकवर लावायच्या मेणबत्त्या होत्या. मी एवढंच म्हणालो, "टेबलांना तेल आहे. शेंगदाण्याचं. मी लावलं."

त्याने मेणबत्त्या खाली ठेवल्या. ओरडला असता तर मला सोपं गेलं असतं. त्याने विचारलं, "सगळ्या टेबलांना?" मी मान हलवली. मग तो अगदी हळू म्हणाला, "ती एक वाजल्यापासून खाली आहे. टेबलावर बसून नावांच्या चिठ्ठ्या रंगवते आहे."

आम्ही उतरलो. मी एवढ्या वेगाने उतरलेला त्याआधी मला आठवत नाही. हॉलच्या दाराशी मात्र तो थांबला, श्वास घेतला आणि चालत आत गेला. त्याची बायको खुर्चीवर उभी राहून फुगे बांधत होती. मुलगी टेबलावर दोन्ही कोपरं टेकून, गाल हातावर ठेवून रंगवत बसली होती. टेबल खरंच चमकत होतं.

"बाळा," तो म्हणाला, "हात वर कर बघू. दोन्ही. तोंडाला लावायचे नाहीत."

"का?"

"बाबा सांगतील तोपर्यंत. हरलीस तर मी केक आधी खाणार."

तिने हात वर केले. कोपराखाली, दोन्ही हातांना, लाल गांधी उठल्या होत्या. गालावर एक. त्याच्या बायकोने वरूनच पाहिलं. ती खुर्चीवरून उतरली की उडी मारली, मला आठवत नाही. तिने आधी पर्स उघडली.

साबण, पाणी, पुन्हा साबण. कपडे बदलले. तिची आई फोनवर डॉक्टरांशी बोलत होती आणि त्यांचे प्रश्न मोठ्याने म्हणत होती, तो उत्तरं देत होता. ओठ? नाहीत सुजले. आवाज? नेहमीचा. खोकला? नाही. उलटी? नाही. श्वासाला आवाज? त्याने तिच्या छातीला कान लावला. नाही. डॉक्टर म्हणाले, अंगावरच्या गांधींचं औषध पाजा, डोळ्यांत तेल घालून बघत बसा, श्वासात किंवा आवाजात तसूभर फरक पडला तर इंजेक्शन द्या आणि थेट इकडे या. मावशींच्या मुलाने गाडी फाटकाशी आणून उभी केली, दार उघडं ठेवून.

हॉलबाहेर पायऱ्यांवर आम्ही बसलो. मुलगी आईच्या मांडीवर, तो एका पायरीवर खाली, हातात ते पेन, टोपण काढलेलं. मला त्याने घड्याळ बघायला सांगितलं. "काका, दर पाच मिनिटांनी सांगा." मी सांगत गेलो. पाच. दहा. दर पाच मिनिटांनी तो तिला काहीतरी बोलायला लावायचा, आवाज ऐकण्यासाठी.

"तुझ्या बाईंचं नाव काय?"

"बाबा, तुम्हाला माहितेय."

"विसरलो."

"तुम्ही म्हातारे झालात," ती म्हणाली आणि खोकली. एकदाच. आम्ही तिघेही उठलो. तिची आई म्हणाली, "पुन्हा खोकला येतोय का, सोने?" ती म्हणाली, "नाही. थुंकीचा ठसका लागला." तो तिच्या तोंडाकडे बघत तसाच वाकून उभा राहिला. माझ्या हातातलं घड्याळ दिसेनासं झालं. ते मिनिट केवढं होतं, मला सांगता येत नाही. ती पुन्हा खोकली नाही.

चारला मुलं यायला लागली. कोणीतरी फाटकाशी उभं राहून सांगायला हवं होतं. मी गेलो. प्रत्येकाच्या आईवडिलांना मीच सांगितलं, टेबलांना शेंगदाण्याचं तेल लागलं आहे, मी लावलं, मुलीला थोडा त्रास झाला आहे, जरा थांबा. सोळा वेळा सांगितलं. आयुष्यात मी एका दुपारी एवढा बोललो नव्हतो. ते आजोबाही नातवाला घेऊन आले होते. ते माझ्याबरोबर फाटकाशी उभे राहिले.

साडेचारला हातावरच्या गांधी फिक्या झाल्या. पाचला गाल साफ झाला. तिने विचारलं, "माझा वाढदिवस रद्द झाला का?"

मला वाटलं तो हो म्हणेल. त्याचा चेहरा तसाच होता. त्याने बायकोकडे पाहिलं, तिने त्याच्याकडे. मग तो म्हणाला, "हॉल रद्द झाला. वाढदिवस कशाला होईल?"

हॉलच्या दाराला त्याने लाल पाटी लावली. मावशींनी धुतलेल्या चादरी दिल्या आणि मागच्या बाजूला, गाड्या लावायच्या जागेत, जमिनीवर वाढदिवस झाला. केक वरून आणला. साडेपाचला तिने मेणबत्त्या विझवल्या. मुलं धावत होती, किंचाळत होती, आणि प्रत्येक किंचाळीला त्याचा हात खिशाकडे जात होता. ती हसली तरी मला दचकायला व्हायचं. सगळे गेल्यावर मी त्याला पाण्याची बाटली दिली. त्याला टोपण उघडता येईना. मी उघडून दिली, तर माझ्याकडून निम्मं पाणी सांडलं.

"मी खाण्याचंच विचारत राहिलो," तो म्हणाला.

त्याच्या बायकोने दुसऱ्या दिवशी मला जिन्यात थांबवलं. म्हणाली, "काका, तुम्ही येऊन सांगितलंत, ते मी विसरणार नाही. पण इतक्यात मला तुमच्याकडे बघवणार नाही. राग मानू नका." मी म्हणालो, "नाही." तिने मला खोटं बरं वाटायला लावलं नाही, याबद्दल मी तिचा ऋणी आहे.

टेबलं मी आणि लिफ्टवाल्याने तीन रविवार गरम पाण्याने आणि सोड्याने घासली. तो घासायचा, मी पाणी ओतायचो. तिसऱ्या रविवारी त्याने टेबलाला नाक लावून वास घेतला आणि मग आपली पाटी काढली.

त्यानंतर तो दीड वर्ष इथे होता. माझी भीती मात्र गेली नाही. मुलगी शाळेच्या बसमधून उतरताना दिसली नाही की मी फाटकापर्यंत जाऊन यायचो. तिच्याबद्दल सरळ विचारायची लाज वाटायची, म्हणून रोज सकाळी तो कामाला निघायच्या वेळी मी काहीतरी निमित्त काढून खाली उभा राहायचो. त्याला ते कळत होतं, असं मला वाटतं. त्याने तसं कधी दाखवलं नाही. मी माझ्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी बहिणीकडे गेलो, महिन्याने परत आलो, तेव्हा कंपनीने त्याला दुसऱ्या शहरात पाठवलं होतं आणि घर रिकामं होतं. मी गेलो त्या सकाळीही तो फाटकाशी भेटला होता. अवजारांची पिशवी खांद्यावर होती.

"घरी सगळं ठीक?" मी विचारलं.

"ठीक, काका. तिला जरा सर्दी आहे."

"खोकला?"

"नाही. नुसती सर्दी. रात्रभर झोपली शांत."

"बरं," मी म्हणालो.

"तुम्ही आज निघालात ना?"

"हो, दहाच्या गाडीने."

"सावकाश जा," तो म्हणाला.