सात पाईपांचा पत्ता सांगणारे राठोडकाका

राठोडकाकांची पहिली भेट झाली तेव्हा मला त्यांचे फक्त पाय दिसले. आर्णीजवळच्या पाणीपुरवठा योजनेवर मी नकाशाची इंजिनिअर म्हणून रुजू झाले, त्या सकाळी आमचे हे स्टोअरकीपर एका जाडजूड पाईपमध्ये कमरेपर्यंत शिरलेले होते. "अहो, काय झालं?" मी किंचाळलेच. आतून घुमत आवाज आला, "काई नाई मॅडम. भाइरचा रंग उडला, आतला नंबर वाचून राह्यलो." ते काका आता साठ वर्षांचे होत आहेत म्हणे. मला काही खरं वाटत नाही.

आमच्याकडे दोन सॉफ्टवेअर. पाईप कोणत्या कारखान्यातून, कोणत्या खेपेत आला हे स्टोअरच्या सॉफ्टवेअरला ठाऊक. तो कुठे गाडला हे नकाशाला. दोघांचं बोलणं मात्र बंद, भांडलेल्या जावांसारखं. पाईपचा नंबर दोन्हीकडे नीट टाकला तरच ते जुळत. म्हणून नंबर टॅबमध्ये चढल्याशिवाय काका पाईप चारीत उतरू देत नसत. पोकलेनवाला वैतागायचा, "काका, पाईप गाडून राह्यलो का पोरीचं लगन लावून राह्यलो? एवढी चौकशी कायले?"

"पोरगी मायेरी तरी येते बापू. पाईप येत नाई," काका शांतपणे म्हणत.

आणि मी? काका रजेवर असताना बोरी अरबकडच्या शिवारात एका रणरणत्या दुपारी मी निंबाखाली बसून सात पाईपांचे नंबर भरून टाकले. नंबर भरणारा जिथे असेल तीच जागा टॅब पाईपची म्हणून धरतो; त्याने इमानदारीने प्रत्येक वेळी त्या निंबाचीच जागा नोंदवली. पुढे पावसाळ्यात कारखान्याचं पत्र आलं: हे सात पाईप कच्चे आहेत, बदला. नकाशा उघडला, तर सातही पाईप एकाच निंबाखाली, चहाच्या टपरीला खेटून!

मोठे साहेब कडाडले, "अख्खी लाइन खोदा! आणि हे ज्यानं केलं, त्याला आजच घरी पाठवतो." लाइनवर लोकांचं सोयाबीन उभं होतं. घरात कमावणारी मी एकटी.

काकांनी मला बाजूला घेतलं. "नंबर भरतानी पाईपापाशी गेल्या होत्या का?"

"नाही काका. ऊन होतं."

"मंग सायबाले तुमीच सांगा. मी बाजूले उभा रायतो."

मी सांगितलं. साहेब काही बोलायच्या आत काकांनी नकाशावर बोट ठेवलं. "सायेब, याच्या आधीचा पाईप इथं, नंतरचा तिथं. मधात रिकामं. बरोब्बर सात पाईपांची जागा. जिथं काईच दिसत नाई, तिथंच हायेत थे."

तेवढाच तुकडा खोदला. सातही सापडले. बाकीच्या सोयाबीनला धक्का लागला नाही. ज्यांच्या शेतात खोदलं, त्यांच्या घरी माफी मागायला काका स्वतः माझ्याबरोबर आले.

राहिला अहवाल. त्यात एक रकाना होता, 'चूक कोणाची'. साहेबांनी कागद काकांपुढे सरकवला. काकांनी चष्मा पुसला आणि लिहिलं, 'उन्हाची'. साहेबांनी ते वाचलं, काकांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि सही केली.

काका, त्या एका शब्दावर माझ्या घरची चूल आजही पेटते. तुम्ही ठणठणीत राहा, शंभरी गाठा, आणि उन्हात मात्र जरा जपून फिरा.