ओल्या फरशीपलीकडचे मासे

दातांच्या त्या दवाखान्यात शिरणाऱ्याला आधी वास भेटायचा, मग मावशी, आणि डॉक्टर सगळ्यांत शेवटी. वास फिनेलचा. तो इतका ठाम असायचा की दुखरी दाढ घेऊन आलेला माणूस कुणी न सांगताच उंबऱ्यावर थबकून चपला काढायचा. सगळी गल्ली तिला फिनेलमावशी म्हणायची. तिला त्याचं वाईट वाटत नसे. "माणसाला कशाचा तरी वास यावाच," ती म्हणायची. "नुसता माणसाचाच आला तर अवघड."

अकरा वर्षं ती ती फरशी पुसत होती. पुसायची ती नांगरट केल्यासारखी. समोरच्या भिंतीपासून सुरुवात, मग उलट्या पावली दाराकडे, नांगराच्या रेघेसारखा एका तासाला दुसरा तास लागलेला, मधे बोटभर कोरडी जागा सुटायची नाही. आणि फरशी ओली असेतो तिच्यावर पाय ठेवायचा नाही, हा तिथला कायदा. एकदा एका पोलिसाने ठेवला होता.  मावशीने त्याच्या हातात फडकं दिलं. सुजलेला गाल एका हाताने धरून त्याने आपल्या बुटाचे ठसे आपणच पुसले.

बाकासमोरच्या कोपऱ्यात काचपेटी होती, तीत सात सोनेरी मासे. म्हाताऱ्या डॉक्टरांनी ते आणले तेव्हा बोटाएवढे होते. त्यातला एक वाढत वाढत वीतभर झाला, शेपटीला पांढरी किनार आली, आणि त्याला थोरला हे नाव पडलं. दात काढून घ्यायच्या आधी लोक त्याच्याकडे बघत बसत. त्याच्या तोंडात एकही दात दिसायचा नाही आणि तरी तो दिवसभर निवांत चघळत असायचा, याचा लोकांना मोठा आधार वाटे.

पेटीचं सगळं म्हातारे डॉक्टर, मावशी त्यांना दादा म्हणे, स्वतः बघायचे. दर शुक्रवारी दोन बादल्या जुनं पाणी काढायचं, आदल्या दिवशी भरून उघडं ठेवलेलं दोन बादल्या नवं घालायचं. पाणी गाळणाऱ्या यंत्रातला स्पंज काढलेल्या जुन्या पाण्यातच दोनदा पिळायचा आणि तसाच, तपकिरी, पुन्हा लावायचा. मावशीला ते तपकिरी फडकं बघून अंगावर काटा यायचा. नवी लागली होती तेव्हा, पहिल्याच वर्षी, डॉक्टर गावाला गेलेले पाहून तिने तो स्पंज नळाखाली धरला, साबण लावला, पांढरा करून ठेवला. चार दिवसांत चार मासे गेले.

डॉक्टर परत आले. स्पंज बघितला, तिच्याकडे बघितलं. रागावले नाहीत. म्हणाले, "मावशी, या घाणीत डोळ्याला न दिसणारं गणगोत राहतं. माशांनी केलेली घाण ते खातं, म्हणून पाणी विषारी होत नाही. तू घर धुतलंस, पण आतली माणसंही धुवून टाकलीस." एवढंच. नवे चार मासे आणले आणि ही गोष्ट पुन्हा काढली नाही. मावशीनेही ती कुणाला सांगितली नाही, नवऱ्यालासुद्धा नाही.

म्हातारे डॉक्टर गेले. खुर्चीवर त्यांची लेक बसली. हाताने हलकी, बापासारखीच, पण माशांकडे बघायला तिला वेळ कुठला. तिने पेटीची देखभाल एका माणसाला लावून दिली. गल्ली त्याला मासेवाला म्हणे, आणि तो दर वेळी सांगे, "मासेवाला नाही, अॅक्वेरियमवाला." तो महिन्यातून एकदा यायचा, खाण्याचा डबा ठेवायचा आणि जायचा. शुक्रवारच्या दोन बादल्या मावशीच गुपचूप करत होती.

मग दवाखान्याला नवा रंग लागला. नव्या रंगापुढे पेटी कळकट दिसायला लागली. डॉक्टरीणबाईंनी मासेवाल्याला सांगितलं, की एकदा चकचकीत करून टाका. तो रविवारी आला. रविवारी मावशीची सुट्टी.

सोमवारी सकाळी तिने दार उघडलं आणि बादली तिथेच ठेवून ती सरळ पेटीपाशी गेली. पाणी आरशासारखं. खडे नवे वाटावेत इतके धुतलेले. यंत्रातला स्पंज पांढराशुभ्र. आणि सातही मासे वर येऊन पाण्याबाहेर तोंडं काढून हवा मागत होते.

गुरुवारी दोन मेले. शुक्रवारी थोरल्याच्या अंगावर मिठाचे कण पेरावेत तसे पांढरे ठिपके उठले. तो पंख अंगाशी मिटून कोपऱ्यात उभा राहिला, मधूनच खड्यांना अंग घासून घ्यायचा.

मासेवाला आला, नाक वर करून त्याने हुंगलं आणि म्हणाला, "फिनेल. आणखी काय असणार? एवढ्या वासात माणूस टिकत नाही, मासा कसा टिकेल?"

डॉक्टरीणबाईंनी मावशीला आत बोलावलं. "मावशी, महिनाभर फिनेल बंद ठेवा. साध्या पाण्याने पुसा. तुम्हाला कुणी दोष देत नाही."

"देताय की."

"मी काय म्हणतेय समजून घ्या. फिनेल नको, एवढंच."

"ताई, हवेचा पंप खिडकीबाहेर कट्ट्यावर आहे. दादांना सांगून मीच तो बाहेर ठेवायला लावला होता, फिनेलचा वास नळीतून आत जाऊ नये म्हणून. अकरा वर्षं फिनेल आहे, अकरा वर्षं मासे आहेत. आता मी फिनेल बंद केलं आणि मासे जगले, तर ते फिनेलनेच मेले असं ठरणार. म्हणून फिनेल रोज पडणार. आणि मासे मी जगवणार."

"आणि थोरला गेला तर? बाबांचा मासा आहे तो."

"तर मी पण गेले. दुसरी बाई बघा."

डॉक्टरीणबाईंना हे इतक्या टोकाला न्यायचं नव्हतं. पण बाहेर पेशंट होता, नाकावर राग होता. "ठीक आहे," त्या म्हणाल्या.

घरी नवरा भाकरीची वाट बघत बसला होता. तो गावाच्या पाण्याच्या टाकीवर कामाला, चाव्या फिरवून कुठल्या गल्लीला किती वेळ पाणी सोडायचं ते बघायचा. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "रविवारी होय? अगं, रविवारी टाकी धुतली. जंतू मारायची पावडर दुप्पट मीच टाकली."

"म्हणजे तुम्हीही त्यात आहात तर."

"मला काय ठाऊक कुणी मासे भरतोय ते? पण एक महिना फिनेल सोडलं असतंस तर काय बिघडत होतं? नोकरी जाईल."

"नोकरी जाईल. नाव नाही जाणार."

"नाव काय आहे तुझं? फिनेलमावशी," तो म्हणाला, आणि मग ती हसत नाही असं बघून ताटाकडे वळला. जेवून उठल्यावर मात्र त्याने आपणहून चार बादल्या भरल्या आणि अंगणात उघड्या ठेवल्या. "उद्यापर्यंत पावडरीचा वास उडून जाईल. रोज नेतो दवाखान्यापर्यंत," तो म्हणाला.

पाण्याचं झालं, पण धुवून टाकलेलं गणगोत कुठून आणायचं? मावशी न्हाव्याच्या दुकानात गेली. त्याच्याकडेही एक पेटी होती. काचा इतक्या हिरव्या, की आत मासे आहेत हे गिऱ्हाईकांना त्याच्या शब्दावर मानावं लागे. पण ते मासे वर्षानुवर्षं ठणठणीत होते.

"तुझा स्पंज दे," मावशी म्हणाली. "न धुतलेला."

न्हाव्याचा वस्तरा गिऱ्हाइकाच्या गालावर थांबला. "मावशी, गेली दहा वर्षं माझ्या दुकानावरून जाताना तू नाकाला फडकं लावतेस. आणि आज माझी घाण मागायला आलीस?"

"हो. आणि अर्धीच पाहिजे. अर्धी तुझ्या माशांना ठेव."

"घे बाई. कुणाला सांगितलं तर लोक मला दवाखान्याचा पुरवठादार म्हणतील." त्याने स्पंज कात्रीने मधोमध कापला. त्याच पेटीच्या हिरवट पाण्याने भरलेल्या डब्यात बुडवून, वर फडकं झाकून, मावशीने तो जपून नेला. पोटच्या पोराला कुणी असं नेत नाही, असं न्हावी पुढे बरेच दिवस सांगत होता.

त्या दिवसापासून दवाखाना उघडायच्या आधी तासभर मावशी हजर. न्हाव्याचा तपकिरी तुकडा यंत्रात पांढऱ्या स्पंजाला चिकटून बसला. रोज दोन बादल्या जुनं पाणी बाहेर, दोन बादल्या उघड्यावर मुरलेलं आत. पहिल्यांदा बादलीला एक लहान मूठ खडे मीठ विरघळवून, थोडं थोडं करत, दोन दिवसांत सगळ्या पाण्याला लागेल असं. मग जेवढं पाणी काढलं तेवढ्यापुरतंच. काचेवर चिकटवलेल्या तापमापकावर नजर ठेवून पाणी दिवसाला थोडं थोडं कोमट केलं. ऊब वाढली की ठिपक्यांचा किडा लवकर पिकून गळतो आणि खाऱ्या पाण्यात मरतो, हे म्हाताऱ्या डॉक्टरांनी एका हिवाळ्यात तिच्यासमोर केलं होतं. कोमट पाणी हवा कमी धरतं, म्हणून पंपाचे बुडबुडे वाढवले. तीन दिवस खायला दाणाही नाही. पेशंट म्हणायचे, "उपाशी ठेवलंत बिचाऱ्यांना." ती म्हणायची, "तुम्हाला ताप आला की जिलबी खाता का?"

आणि हे सगळं झाल्यावर, रोज, पेटीच्या पायापर्यंत फिनेल.

तिसऱ्या दिवशी आणखी एक मेला. तिने तो काढला, डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर कागदात ठेवला. "तिसरा," म्हणाली. "लपवणार नाही." सातव्या दिवशी थोरल्याच्या पाठीवरचे ठिपके विरळ झाले. आठव्या दिवशी त्याने पंख उघडले.

नवव्या दिवशी, भर दुपारी, बाकावर तीन पेशंट असताना, मासेवाला निळ्या औषधाची बाटली आणि दोन रिकाम्या बादल्या घेऊन आला. पुन्हा सगळं पाणी काढायचं, सगळं धुवायचं, औषध घालायचं, असं त्याने फोनवर डॉक्टरीणबाईंकडून ठरवून घेतलं होतं.

मावशी दारात उभ्या त्या माणसाकडे क्षणभर बघत राहिली. मग तिने बादली उचलली, समोरच्या भिंतीपाशी गेली आणि पुसायला सुरुवात केली. एक ओला तास, दुसरा तास, तिसरा. बाकावरच्या तिघांनी पाय वर घेतले. ती उलट्या पावली दारापर्यंत आली आणि पिळलेला पोछा हातात घेऊन उंबऱ्याच्या आत उभी राहिली.

"वाळली का?" थोड्या वेळाने मासेवाला म्हणाला.

"नाही." आणि ती पुन्हा भिंतीपासून सुरू झाली.

"अहो, आत्ता तर पुसलीत."

"मळली."

"कुणी पाय ठेवला नाही, तर मळेल कशी?"

"तुम्ही बघताय ना तिच्याकडे."

बाकावरचा सुजलेल्या गालाचा माणूस हसला आणि कळ आल्यामुळे लगेच गप्प झाला. चौथ्यांदा पुसून झालं तेव्हा डॉक्टरीणबाई हातमोजे काढत आतल्या खोलीच्या दारात आल्या. "काय चाललंय, मावशी? त्यांना आत येऊ द्या."

"निळं औषध पडलं तर स्पंजातलं सगळं मरेल, ताई. आत्ता कुठे रुजलंय."

"तुम्हाला कसं ठाऊक हे?"

मावशीने पोछा बादलीत सोडला. "पहिल्या वर्षी मी चार मारले होते. फिनेलने नाही. या हातांनी, स्पंज साबणाने धुऊन. दादांना ठाऊक होतं. त्यांनी तुम्हालाही नाही सांगितलं. माझं चुकलं होतं ते मी आज भर लोकांत सांगतेय. पण या वेळचे तीन माझे नाहीत, आणि ते मी अंगावर घेणार नाही."

 डॉक्टरीणबाईंनी मासेवाल्याला विचारलं, "तुम्ही स्पंज कुठे धुतला होता?"

"नळाखाली, मॅडम," तो अभिमानाने म्हणाला. "दुधासारखा पांढरा केला होता."

 डॉक्टरीणबाई चपला काढून अनवाणी ओल्या फरशीवरून सरळ पेटीपाशी गेल्या. वाटेत कुणी अडवलं नाही. मावशीने बाजूच्या फळीवरची उकडलेल्या वाटाण्यांची वाटी दाखवली. सालं काढलेला एक दाणा बाईंनी बोटात धरून पाण्याला टेकवला. थोरला कोपऱ्यातून निघाला, पांढरी किनार हलवत वर आला, एकदा मागे सरला आणि मग दाणा ओढून घेऊन निघून गेला. त्याच्या मागून उरलेले तिघे.

"आज राहू द्या," बाई मासेवाल्याला म्हणाल्या. त्याने बादल्या एकात एक घातल्या आणि तो निघून गेला.

बाई वळल्या. "मावशी, फिनेलचं मी जे बोलले, ते..."

मावशी खाली बघत होती. आतल्या दारापासून पेटीपर्यंत, तिच्या तासांना छेद देत, दहा-बारा पावलं उमटली होती.

तिने खांद्यावरचं फडकं काढून डॉक्टरीणबाईंच्या हातात दिलं.